मळक्या कपड्यांचा बाक

प्रिय सर्वियस,

अक्षर वाकडं आहे, सांभाळून वाच. घरात लिहिणारा गुलाम आहे, नाही असं नाही. पण त्याच्याकडून लिहून घेतलं की तो माझ्या तोंडचे शब्द काढून आपले सभ्य शब्द घालतो, आणि पत्र वाचताना मलाच वाटतं की ही कोण बाई बोलतेय. मला जेवढं लिहिता येतं तेवढ्यात भागवते.

लानुवियममध्ये सगळं ठीक आहे. काळी शेळी व्याली, दोन्ही बोकड. यंदाची दारू आंबट निघाली, ती गड्यांना देतोय आणि ते तोंड वाकडं करून पितायत. तुझ्या आत्याचा गुडघा दुखतो, आणि देवळात नवस बोलायला मात्र तिला त्याच गुडघ्याने चढण चढता येते.

ऑलिव्ह झोडायच्या दिवसांत तू आलास आणि अंगणातल्या घाण्याच्या दगडावर चढून अख्खं भाषण म्हणून दाखवलंस. बायका काठ्या टाकून बघत राहिल्या, त्या दिवशी निम्मी फळं झाडावरच राहिली. तू संपवून माझ्याकडे बघितलंस आणि मी म्हटलं, जेवायला चल. तू फुगलास, ते कळलं मला. तर आता सांगते: चांगलं बोलतोस. आवाज थेट बापाचा आहे, पण बाप एवढा वेळ श्वास धरू शकत नव्हता. मांडीवर थाप जरा कमी मार, बघणाऱ्याला वाटतं डास चावतायत. आणि तुझ्या त्या ग्रीक मास्तराला सांग, टोगा खांद्यावरून घसरू द्यायचा तर एकदाच घसरू दे. तीनदा घसरला की लोक म्हणतात, याला नेसता येत नाही.

खटल्याबद्दल मी तुला काही शिकवणार नाही. तरण्या माणसाने एखाद्या मोठ्याला कोर्टात ओढून आपलं नाव करायचं, ही रीतच आहे. तू बापाच्या मित्राला, ओब्सिडियसकाकाला ओढलंस. त्याने मतांसाठी लोकांना जेवणं घातली हा तुझा आरोप, आणि तो खरा आहे. डुकराचं मांस मलाही पाठवलं होतं, मीठ जास्त पडलं होतं. शाबित झालं तर त्याला या वयात रोम सोडून परमुलखात जावं लागेल, हे तुलाही ठाऊक आहे आणि त्यालाही.

पण तुझ्या भाषणात एक जागा आहे. आरोपीचे घरचे आणि मित्र दाढी वाढवून, मळके काळे कपडे घालून बाकावर बसतात, पंचांना दया यावी म्हणून. त्या बाकाकडे बोट करून तू म्हणतोस, ‘कालपर्यंत अत्तर लावून फिरणारे हे रडके बघा. यांनी हे मळके कपडे कोणत्या नाटकवाल्याकडून भाड्याने आणले?’ बायका खो खो हसल्या. मीही हसले, वाक्य चांगलंच आहे. मग संध्याकाळी वाल सोलताना ते पुन्हा आठवलं आणि हसू आलं नाही.

तुझ्या बापावर खटला झाला तेव्हा तू एवढासा होतास. लष्कराचं धान्य खाल्ल्याचा आळ होता. तू प्रत्येक पंगतीत सांगतोस की वकिलाने तुला दोन्ही हातांवर उचलून पंचांपुढे धरलं, फोरमचा सगळा चौक रडला आणि तुझा बाप सुटला. त्या दिवसापासून तुला वक्ता व्हायचं होतं. सांग बापडा, छान गोष्ट आहे. मी तिथे बसले होते. तुझ्या तोंडात अंजीर होतं आणि तू त्या वकिलाचा कान पिरगाळलास. लोक हसले. त्यानंतर वकील सूर्य डोक्यावर येईपर्यंत बोलला. माझं तोंड पंचांकडे होतं म्हणून सांगते, पुढच्या रांगेतला एक जण घोरत होता आणि त्याच्या शेजारचा नखं कोरत होता.

आमचा बाक रिकामा होता, सर्वियस. मी, तुझी आई आणि तू, एवढेच. तुझ्या बापाच्या, माझ्या नुमेरियसच्या मित्रांपैकी एकाचा पाय सुजला, एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, एक शेतावर निघून गेला. निवडणुका तोंडावर होत्या. ओब्सिडियस उमेदवार होता. उमेदवाराने काय करायचं असतं ते तुला माहीत आहे, खडूने पांढराशुभ्र केलेला टोगा घालून बाजारभर ओळख नसलेल्यांचे हात हातात घ्यायचे. आणि तो आला दाढी वाढवून, राखाडी डागांचा काळा टोगा गुंडाळून, आणि माझ्या शेजारी बसला. मी त्याला हळूच म्हटलं, बाबा, तुझं डोकं फिरलंय का, जा घरी. तो म्हणाला, ‘काकू, पांढरा टोगा पुढच्या वर्षीही धुऊन मिळेल. नुमेरियस मिळणार नाही.’

घोरणारा पंच तेव्हा जागा झाला. ऐन निवडणुकीत मळक्या कपड्यांत बसलेला उमेदवार कोणी पाहिला नव्हता. तुझा बाप थोडक्यात सुटला आणि ओब्सिडियस सपाटून हरला. पुढच्या वर्षीही हरला, त्याच्या पुढच्याही. मळका उमेदवार म्हणून नाव पडलं ते पडलंच. शेवटी म्हातारपणी त्याने जेवणं घातली आणि निवडून आला. चुकलाच. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण तुझ्या बापाला ते सांगताना रडू यायचं, आणि ज्वराने तो गेल्यावर तू तुझी अंजिराशिवायची गोष्ट इतकी रंगवून सांगायला लागलास की मध्ये बोलायला जागाच उरली नाही.

खटला मागे घे म्हणत नाही. घेतलास तर लोक तुलाच विकला गेलास म्हणतील. भाषणातलं काही गाळ, असंही म्हणत नाही; ते तुझं आहे. पण ओब्सिडियसची बायको नाही, आई नाही, त्याच्या बाकावर बाईमाणूस नाही. त्याने मला बोलावलेलं नाही. बोलावलं असतं तर कदाचित आले नसते. तुझ्या बापाच्या वेळचं काळं वस्त्र पेटीतून काढलंय, कसर लागलीय, पण या कामाला तसंच बरं दिसतं. खेचरवाला उद्या मला रोमला सोडेल. लहानपणी मला गर्दीत अचानक पाहिलंस की तू पाठ केलेलं सगळं विसरायचास, म्हणून आधी कळवतेय, नाहीतर भर चौकात अडखळशील आणि मास्तराचं नाव जाईल. मी समोरच्या बाकावर, ओब्सिडियसच्या डाव्या हाताला असेन. बोट दाखवायची जागा आली की माझ्याकडे दाखव. आणि मोठ्याने बोल, मला अलीकडे कमी ऐकू येतं.

समोर बसली तरी तुझीच,
तितिनिया आजी