बंद मागाचे तास

वडगाव, बेळगाव
१० ऑक्टोबर २०२५

चि. रचनास आप्पांचे अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मागांच्या खडखडाटानं गेलेल्या या कानांना काय ऐकू येणार? म्हणून कागद घेतला. मी बरा आहे. भात रोज करपतो, तेवढं सोडलं तर.

तू पोचायच्या आत तुझ्या आईला नेलं, म्हणून बाराव्यानंतर एक शब्द न बोलता तू टोरांटोला परतलीस. पण मी वाट बघितली गं. फोनवर तू निघाले म्हणालीस, तिथून तास मोजले. टोरांटो ते दिल्ली पंधरा, दिल्ली ते सांबरा विमानतळ तीन. अठरा झाले, वर दोन थांबलो. मग भाऊबंद म्हणाले, दिवस मावळायच्या आत उरकू. तू आलीस सदतीसाव्या तासाला.

चूक कुठं झाली ते परवा लाईट गेल्यावर उमगलं. जन्मभर आम्ही माग चालेल तेवढेच तास धरले. लाईट गेली, सूत तुटलं, तो वेळ धरायचाच नाही. विमानाचंही मी तसंच केलं.

वर्षश्राद्धाला येशील का? घर खायला उठतं. राग उरला असेल तर तोही लिही, पण लिही.

तुझे,
आप्पा


टोरांटो
२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

जागा मिळेपर्यंत इथल्या विमानतळावर आठ तास बसले होते, दिल्लीत अकरा. फोन बंद पडलेला. तुम्ही थांबला असाल असंच धरून चालले होते.

पण पंधरा तास हे तुम्हाला कुणी सांगितलं? मीच. इकडे येताना आई रडायला लागली, तेव्हा तिची समजूत काढायला म्हणाले होते, पंधरा तासांत दिल्ली, तिथून तीन तासांत घरी. मधलं थांबणं मुद्दाम सांगितलं नाही. मग ती गल्लीभर सांगत सुटली, पोरगी लई लांब न्हाय म्हणून. आठ महिने तुमच्यावर रागावले, कारण स्वतःवर रागवायची हिंमत नव्हती.

नोकरी नवी आहे, मेपर्यंत रजा नाही. वर्षश्राद्धाला येता येणार नाही. भातात पाणी जरा जास्त घाला.

माया कमी करू नका.
तुमची,
रचना


वडगाव
५ डिसेंबर २०२५

चि. रचनास अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईच्या फोटोपुढं मोठ्यानं वाचलं. तुझ्या पंधरा तासांवर ती सुखानं राहिली, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. वर्षश्राद्ध मी आणि तुझा चुलतभाऊ शामू उरकू. भात आता जमतो. संध्याकाळी माग थांबला की घर फार गप्प होतं, बहिऱ्यालाही ते कळतं.

मे महिन्याचं तिकीट काढलंस की सगळे तास लिहून पाठव, बसून राहायचेसुद्धा. मी सांबऱ्याला येऊन थांबेन.

आणि त्याआधीच माझं काही झालं, तर शामूला बजावून ठेवलंय. बंद मागाचेही तास धरायचे. सदतीस.

लोभ आहेच, तो तुटू देऊ नकोस.
तुझे,
आप्पा