तिसरं अक्षर

मंगळवार, १४ तारीख
शिवणाची खोली

प्रिय ठमाबाई,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे बरे आहोत, तुम्हीही असाल. आईचा गुडघा आपल्या जागी आहे आणि दुखण्याचं काम नेमाने करतो आहे. मांजरीने पुन्हा कापसाच्या पोत्यात संसार थाटलाय.

मोबाइलवर न लिहिता पत्र लिहिते आहे याचं नवल वाटेल. मोबाइलवर तू अर्धं वाचतेस, अंगठा दाखवतेस आणि कामाला लागतेस. कागद पुरता वाचशील असं वाटलं.

कामाचं म्हणशील तर हातअक्षरांच्या कापडाचा नवा तागा आला. पिवळ्यावर निळे हात, चौकोनाचौकोनात एकेक, प्रत्येक हात आमच्या खुणांच्या भाषेतल्या एका अक्षराचा. पहिल्या ताग्यातले हात फिके होते, तुला आठवत असेल. हे चांगले ठसठशीत आहेत, नखंसुद्धा दिसतात. स आणि अ नेहमीसारखे आल्याआल्या संपत आले. ढ चे चौकोन मात्र पिशवीत साठत चाललेत, कारण ढ वरून पोराचं नाव ठेवायला अजून कुणी धजावलेलं नाही. इस्त्रीवाली म्हणते, सगळ्या ढ ची मिळून एक मोठी गोधडी करू आणि तिच्या नवऱ्याला पांघरायला देऊ.

हल्ली ऐकू येणाऱ्या मुलांसाठीही लोक ही गोधडी मागतात. हात गोड दिसतात म्हणे. मी म्हणते, गोड तर गोड. पण परवा एक आई हुज्जत घालून गेली, की तुम्ही मुलाचं नाव उलटं शिवलंय. तिला टेबलावर आडवं व्हायला लावायचं तेवढं बाकी होतं. आपली पद्धत तुला ठाऊक आहे. पांघरून पडलेल्या मुलाने खाली बघितलं की त्याला त्याचं नाव सुलट दिसलं पाहिजे. पलंगाशी उभ्या असलेल्यांना उलटं दिसलं तरी चालेल. आणि ही पद्धत माझी नाही, तुझी. पहिलं दुपटं केलं तेव्हा तू फरशीवर आडवी पडलीस, ते अंगावर ओढलंस आणि दोन्ही हात बाहेर काढून मला म्हणालीस, "ताई, मला दिसतच नाहीये माझं नाव." तेव्हापासून इथे असंच शिवतात.

दुरुस्तीला एक गोधडी आली आहे. तिच्याविषयी लिहायचं आहे, पण आधी बाकीचं संपवते. घंटा वाजली की लागतो तो दारावरचा दिवा बिघडला होता. दोन गिऱ्हाइकं घंटा दाबून दाबून परत गेली. आता नवा बसवलाय, तो इतका लख्ख आहे की मांजर दचकते. खालच्या गल्लीत पाइप टाकायला खणलंय, चपलांना माती लागून जिना खराब होतो. झालं, बाकीचं संपलं.

शनिवारी तुझा नवरा आला होता.

तू ऑफिसच्या प्रशिक्षणाला गेलेली, त्यांना इथे काम निघालं, म्हणून मुलीला घेऊनच आले. ती गोधडी सोडून झोपत नाही, तेव्हा गोधडीही आली. एक बाजू उसवली होती, ती मावशीकडून शिवून घ्यावी असा साधा हिशेब. तुला सांगितलं नसेल बहुतेक. नवऱ्याने आपण होऊन एखादं काम केलं की ते बायकोला नंतर कळावं अशी त्यांची हौस असते.

जावईबुवांच्या मिशांमुळे त्यांचे ओठ मला वाचता येत नाहीत, हे तू नेहमी हसण्यावारी नेतेस. म्हणून आम्ही कापायच्या टेबलावर खडूने लिहून बोलतो. ते प्रवासाचं लिहीत होते, मी मुलीकडे बघत होते. केवढी झालीय गं. चार वर्षांत मी तिला फोटोतच पाहिली, दर फोटोत टोपी. मला वाटायचं, आईची हौस. व्हिडिओवर आपण बोलायला लागलो की ती कायम झोपलेली. मी इकडे यायला सांगितलं की सर्दी, मी तिकडे निघाले की गावाला. इतकी झोपाळू आणि इतकी सर्दाळू पोर मी पाहिली नव्हती, पण तुझ्यावर शंका घेण्याची मला सवय नाही.

खोलीत इस्त्रीमुळे उकडतं. तिने टोपी काढून टेबलावर ठेवली. दोन्ही कानांमागे ऐकायचं मशीन.

माझ्या चेहऱ्यावर काय आलं ठाऊक नाही, पण तुझ्या नवऱ्याने ते वाचलं नाही. त्यांची समजूत अशी की मला सगळं पहिल्यापासून ठाऊक आहे. त्यांनी खडू घेऊन लिहिलं, की मशीन लावून बराच काळ झाला, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडेही नेमाने नेतो, पण शब्द काही फुटत नाहीत. चिडते, डोकं आपटते, तिला काय हवंय ते आम्हाला कळत नाही. मग खाली लिहिलं, "ताई, तुम्हीच सांगितलंत की हातांनी बोलायला शिकवू नका, माझ्या आयुष्याचं झालं ते तिच्या आयुष्याचं नको. म्हणून आम्ही पाळलं. पण तिच्याकडे बघून खरं सांगा. अजूनही नको म्हणाल?"

ठमे, मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. अक्षर त्यांचं, बोलणं माझ्या नावावरचं आणि शब्द तुझे.

त्यांना मी एवढंच लिहिलं, की तोवर तिला पांघरायला दुसरी देते, येत्या शनिवारी गोधडी घ्यायला या, तेव्हा नीट उत्तर देते.

मग गोधडी उलगडली. ती मी बारशाच्याही आधी शिवली होती, तू नाव कळवलंस त्याच संध्याकाळी. तीन अक्षरं, तीन हात. आता तिथे पांढऱ्या कापडाची एक पट्टी होती. बारीक हातशिलाई, आतला टाका वर दिसू न देणारी. ती शिलाई तुला मी शिकवली, या खोलीत, तू परीक्षा बुडवून इथे लोळत पडायचीस तेव्हा. जावईबुवांनी लिहिलं, की हात बघून ती घाबरायची म्हणून हिने झाकले, आणि हल्ली ही पोरगी पट्टीच कुरतडते, तेवढी पक्की करून द्या.

घाबरणारं मूल पट्टी कुरतडत नाही गं.

पट्टी एका टोकाकडून उसवलेली होती. पहिले दोन हात उघडे पडलेले आणि बोटं घासून घासून तिथलं कापड मऊ झालेलं. मी त्यावरून बोट फिरवत असताना मुलगी टेबलाशी आली. तिने माझ्याकडे बघितलं, स्वतःचा हात वर केला आणि पहिलं अक्षर करून दाखवलं. अगदी बरोबर. करून तो हात छातीला लावला. तिच्या बापाने लिहिलं, "हे ती सारखं करते. काय मागते कळत नाही. बिस्किट दिलं की भिरकावते."

ती काही मागत नव्हती. ती नाव सांगत होती.

ते नाव आहे हेही तिला ठाऊक नसेल. तिला एवढंच कळलंय की हे आपलं आहे. मी दुसरं अक्षर केलं. तिने लगेच केलं आणि मग उभ्या जागी जी हसली, ते मी लिहू शकत नाही. मग ती थांबली. माझ्या हाताकडे बघत राहिली. तिसरं अजून पट्टीखाली होतं.

आता माझ्याबद्दल लिहिते. मशीनवर माझा राग नाही, एखाद्याला उपयोग होतो, तिलाही होवो. तू घाबरलीस यावरही राग नाही, पहिलंच मूल आहे. पण तू मला सांगितलं नाहीस, आणि वर मलाच साक्षीला उभं केलंस. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवलीस आणि नेम त्या पोरीवर धरलास. याला केसाने गळा कापणं म्हणतात, ठमे, दुसरा शब्द मला सापडला नाही आणि मी बराच शोधला.

हे तू कुठून काढलंस तेही मला कळलंय. छापखान्यातल्या त्याने निरोप पाठवला होता, की माझ्या आईला तुझ्याशी बोलता येणार नाही, तेव्हा लग्न नको. त्या दुपारी मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि म्हणाले, असं आयुष्य कुणाला नको. ते मी फक्त तुला म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी आपण दोघी त्याच्या चालण्याची नक्कल करून पोट धरून हसलो, ते तू विसरलीस. नंतर मी ही खोली घेतली, चार बायकांना कामाला लावलं, रात्री अंथरुणावर पडले की मला गाढ झोप लागते, तेही तुझ्या लेखी कुठे नाही. त्या एका दुपारचं रडणं मात्र इतकी वर्षं जपून ठेवलंस.

म्हणजे माझ्याकडे बघताना तुला हेच दिसत होतं का? घरात माझ्याशी हातांनी बोलणारी तू एकटी. आई ताट वाढायला वळली की तिच्या पाठीमागे आपली भांडणं व्हायची. मास्तर, शेजारीण, दुकानदार, सगळ्यांना तू नावं पाडली होतीस, हातांची. मला वाटायचं, तुला माझ्या भाषेत मजा येते. तू माझ्यावर दया करत होतीस असं असेल, तर मला माझं लहानपणसुद्धा परत उसवावं लागेल.

आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर केली नाही. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींशी गुडघ्याबद्दलच बोलतो.

तू एवढंच कर. शनिवारी ते गोधडी न्यायला यायच्या आत त्यांना खरं सांग, की ताई असं कधी म्हणाली नाही, मी म्हणाले. तू सांगितलं नाहीस तर मी टेबलावर खडूने लिहीन, आणि माझं अक्षर तुझ्यापेक्षा मोठं आहे. त्यांनी मग तुझ्याविषयी काय मत करून घ्यायचं ते त्यांचं ते बघतील. मी मध्ये पडणार नाही. आजवर तुझ्यासाठी खूप वेळा पडले आहे.

व्हिडिओ लावू नकोस. खोटं बोलताना तुझी करंगळी दुमडते, आणि मला ती सध्या बघवणार नाही.

गोधडी तयार आहे. कडा पक्क्या केल्या, कापूस बदलला. पट्टी काढून टाकली, जाळली नाही, ढ च्या पिशवीत टाकली. तीनही हात उघडे आहेत. तिसरा अगदी कोरा करकरीत राहिलाय, पट्टीखाली असल्यामुळे. पलंगाशी उभी राहून तुला तो उलटाच दिसेल. चार वर्षं तू तिथेच उभी आहेस. एकदा तिच्या शेजारी आडवी पड आणि खाली बघ.

तिसरं अक्षर मी तिला दाखवलं नाही. फार मनात होतं, हात अर्धा वर गेलाही होता. पण तिच्या नावातलं एक तरी अक्षर तिला तिच्या आईच्या हातून मिळायला हवं. हे तुला माफ केलं म्हणून नाही. मी तुला माफ केलेलं नाही. शनिवारी ती आली आणि तिला ते येत नसेल, तर मात्र मी वाट बघणार नाही, तिसरं मीच शिकवीन, आणि त्यानंतर पुढचं सगळं.

पत्राखाली दर वेळी 'तुझीच ताई' लिहिते. आज लिहायला घेतलं आणि जमलं नाही, म्हणून जे खरं आहे ते लिहिते.

तिची,
मावशी