पाचवा गिअर आणि लूर्डसची वरात

१५ ऑगस्ट २००२, गुरुवार
झेंडावंदन सोसायटीच्या सेक्रेटरीवर सोपवून सकाळीच आगाशीला गेलो. ऑफिसातल्या गॅब्रिएलच्या वाडीत, केळीच्या मागे शेड आहे. ताडपत्री ओढली आणि ती दिसली. दोन सीटची, बिनटपाची, लाल. अस्सल विलायती स्पोर्ट्स कार! गॅब्रिएलचे वडील बोटीवर होते, त्यांनी आणलेली. इंजिन कधीच बाद झालंय, आत उंदरांनी संसार थाटलाय. मी बॉनेटमध्ये वाकून 'हं' म्हणालो. गॅब्रिएलला वाटलं, मला यातलं कळतं. कळतंच.

अट एकच. २९ डिसेंबरला त्याच्या मुलीचं, लूर्डसचं लग्न. वडिलांची इच्छा होती की नातीची वरात याच गाडीतून निघावी. चर्चपासून वाडीतल्या मांडवापर्यंत नवरा-नवरीला जो आणेल, गाडी त्याची. चर्चच्या पायरीवर उभा राहून बोलावं तसं बोलला. मी म्हटलं, आणली समज.

संकल्प: आजपासून रोजनिशी रोज लिहायची.

८ सप्टेंबर, रविवार
लिहिण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून लिहिलं नाही. आज घडलं. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून जपानी इंजिन आणलं. सोळा व्हॉल्व्ह! बायकोला, मीराला, सोळाही मोजून दाखवणार होतो, पण ती म्हणाली, हात धुतल्याशिवाय घरात कशाला हात लावू नका.

गाडी मनवेलपाड्याला आत्मारामच्या गॅरेजमध्ये नेऊन टाकली. आत्माराम भाजीचे टेम्पो दुरुस्त करतो, स्वतःचाही एक चालवतो. माणूस चांगला आहे. व्हिजन कमी.

१५ सप्टेंबर, रविवार
अडचण एकच. इंजिनाबरोबरचा गिअरबॉक्स पुढची चाकं फिरवणारा, आणि आपल्या गाडीची मागची चाकं फिरतात. म्हणजे गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा शोधायचा आणि या इंजिनाला जुळवायचा. इंजिन काय, कुणीही निवडतं. गिअरबॉक्स निवडायला अभ्यास लागतो. ऑफिसात दुपारभर अभ्यास केला. साहेबांना वाटलं मी टेंडर वाचतोय.

२२ सप्टेंबर, रविवार
आत्मारामने कोपऱ्यातून जुन्या जीपचा गिअरबॉक्स ओढून काढला. चारच गिअर. त्यातला पहिला म्हणे इतका दमदार की गाडी माणसाच्या पावलाने चालते, बंद म्हणून पडत नाही. मी त्याला पाच गिअरचा फोटो दाखवला. पाचव्यात एकशे चाळीस! त्याने फोटो उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाला, सायेब, तुमी पाचवा बगताव, काम पयल्याचं हाय. वरातीत पाचवा कवा टाकनार?

मी हसून सोडून दिलं. गाडी काय एका वरातीपुरती आहे? लग्न एक दिवसाचं. त्यानंतर ती माझी, आणि समोर अख्खा अहमदाबाद हायवे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
दसरा. पाच गिअरचा गिअरबॉक्स काल आला. आज डायनिंग टेबलावर ठेवून पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूचा हार. खरंच देखणा दिसत होता. मीरा म्हणाली, देव कुठे ठेवू? दुपारी तिने श्रीखंडाचं भांडं आणलं तेव्हा टेबलक्लॉथवर ऑइलचा भारतासारखा नकाशा झालेला होता. नवीन गिअरबॉक्स थोडा गळतोच. नवीन म्हणजे आपल्याला नवीन.

२७ ऑक्टोबर, रविवार
इंजिन आणि गिअरबॉक्सची भोकं एकमेकांना जुळत नाहीत. जुळणार नाहीत हे मला माहीत होतंच. मधे एक जाड प्लेट टाकायची. मी स्वतः पुठ्ठ्यावर भोकं छापून घेतली आणि गोखिवऱ्याच्या औद्योगिक इस्टेटमधल्या टर्नरला दिली. त्याने विचारलं, पुढची बाजू कुठली? मी म्हटलं, उघड आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार
प्लेट आली. काम फर्स्ट क्लास. फक्त आरशात पाहावी तशी आहे. उलटी करून लावावी, तर खाचा एकाच बाजूला कोरलेल्या. माझं ड्रॉइंग बरोबर होतं, टर्नरने ते चुकीच्या बाजूने पाहिलं. दुसरी करायला टाकली. या वेळी पुठ्ठ्यावर 'वर' असं लिहिलं. आत्माराम म्हणाला, जीपवाला आजून पडलाय सायेब, त्याची प्लेट मंग्याच्या दुकानात तयार मिलते. मी ऐकलं नाही असं दाखवलं. पुन्हा म्हणाला. पुन्हा दाखवलं.

१७ नोव्हेंबर, रविवार
बसला! इंजिन, प्लेट, गिअरबॉक्स, एका रेषेत. क्लचप्लेटचे दाते आत्मारामने कुठून तरी जुळवून आणले. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट तेवढा आखूड करायला हवा होता. मी सुतळीने माप घेतलं. सुतळी ताणली जाते हे कंपनीने कुठे लिहायला नको का? आता शाफ्टला मधे जोड आहे.

गिअरचा दांडा सहा इंच मागे निघाला. कोपराच्याही मागे. तिसरा टाकताना पाठ खाजवल्यासारखं करावं लागतं. व्यायाम होईल.

२४ नोव्हेंबर, रविवार
गॅब्रिएल गाडी पाहून गेला. बॉनेटवरून हात फिरवला, डोळे पुसले. मग विचारलं, नवरा, नवरी आणि ड्रायव्हर, तिघं बसणार कुठे?

सीटा दोन आहेत.

मी शांतपणे सांगितलं की नवरा-नवरी मागे डिकीवर उंच बसतील, पाय सीटच्या मागे सोडून. सगळ्या गावाला दिसतील. पहिल्यापासून तसंच ठरवलंय. तो खूश होऊन गेला. आत्माराम स्पॅनर पुसत राहिला. गरजेपेक्षा जास्त वेळ.

१ डिसेंबर, रविवार
ट्रायल. पहाटेच्या रिकाम्या हायवेवर काढली. पहिला. दुसरा. पाठ खाजवून तिसरा. चौथ्यात वारा असा आला की चष्म्याआड डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि सगळंच वाऱ्याचं नव्हतं. आयुष्यात इतका आनंद मला प्रमोशनलासुद्धा झाला नव्हता. पाचवा राहिला, म्हशी आडव्या आल्या.

परत आल्यावर आत्माराम म्हणाला, आता हलू चालवा. चालवली. ताशी बारा किलोमीटरच्या खाली इंजिन गचके देतं आणि बंद पडतं. पहिलाच गिअर लांब पल्ल्याचा. शर्यतीचा घोडा आहे, तो लग्नात मंद चालणार कसा? तरी मार्ग आहे. क्लच अर्धा दाबून ठेवायचा. सगळी पायाची कला.

संकल्प: रोज वीस मिनिटं पायाचा व्यायाम.

२२ डिसेंबर, रविवार
आज वरातीचं सविस्तर कळलं. चर्चपासून मांडव दीड किलोमीटर. पुढे ब्रास बँड. बँड चालतो कमी, थांबतो जास्त. प्रत्येक नातेवाइकाच्या दारात थांबायचं, दोन गाणी, नाच, मग पुढे. एकूण दोन तास तरी.

मी हिशोब केला. ताशी पाऊण किलोमीटर.

हिशोब पुन्हा केला.

काही हरकत नाही. ऑफिसात टेबलाखाली अर्ध्या क्लचचा सराव सुरू आहे. साहेबांनी विचारलं, पायाला मुंग्या येतात का? आत्मारामने सांगितलं, जीपवाला बसवायला चार दिस पुरतील, सायेब, आजून टाइम हाय. मी म्हटलं, घाबरणं हा माझा स्वभाव नाही.

२५ डिसेंबर, बुधवार
फोन करून गॅब्रिएलला नाताळच्या शुभेच्छा दिल्या. बँड थोडा जोरात चालवता येईल का, असं सहज विचारलं. त्याला वाटलं मी गंमत करतोय. खूप हसला. मीही हसलो.

३० डिसेंबर, सोमवार, सकाळी
रजा. पाय सुजलाय. झालं ते जसंच्या तसं नोंदवतो.

चर्चबाहेर गाडी उभी केली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. लूर्डस पांढऱ्या गाऊनमध्ये डिकीवर बसली, शेजारी नवरा. बँड सुरू. पहिली शंभर पावलं माझी कला सर्वांनी पाहिली. पहिल्या दारात थांबलो. दुसऱ्या दारात करपल्याचा वास आला. एक म्हातारी घरात जाऊन भाताखालचा गॅस बघून आली. तिसऱ्या दाराशी माझ्या पायाखालून पांढरा धूर निघाला. फोटोग्राफर म्हणाला, छान, छान, अजून सोडा. मग गाडी थांबली ती थांबलीच. क्लचप्लेट संपली होती.

बँड पुढे गेला. वळून पाहिलं, परत आला. लूर्डसने वाकून विचारलं, अंकल, तुम्हाला बरं वाटतंय ना? बरं नव्हतं. चर्चपासून अडीचशे पावलं झाली नव्हती, आणि गॅब्रिएल माझ्याकडे नाही, गाडीकडे बघत होता. मला फार लाज वाटली. इथे खोटं लिहून काय करू?

आत्माराम मांडवाच्या खुर्च्या पोचवून टेम्पो घेऊन मागे आला होता. पुढे आला, टेम्पो गाडीपुढे लावला, जाड दोर बांधला आणि पहिल्या गिअरमध्ये बँडच्या मागे निघाला. दीड तास. एक धक्का नाही, एक गचका नाही. नवरा-नवरी वर बसून हात हलवत होते. स्टिअरिंग सबंध वेळ माझ्याकडेच होतं, हे मुद्दाम नोंदवतो.

मांडवात गॅब्रिएलने माईक घेतला. वडिलांचा शब्द, म्हणाला. नवरा-नवरीला आणेल त्याची गाडी. मी उठलो. कोटाचं बटण लावलं. त्याने आत्मारामला हाक मारली.

आत्माराम नाय नाय करत राहिला, सायबांनी लय मेनत घेतलीय, म्हणाला. लोकांनी त्याला ढकलून स्टेजवर नेलं. टाळ्या सगळ्यांत जोरात मी वाजवल्या. उभाच होतो, दुसरं काय करणार?

२६ जानेवारी २००३, रविवार
या वेळी झेंडावंदनाला गेलो. जायला दुसरीकडे कुठे नव्हतं.

खाली आत्माराम गाडी घेऊन आला होता. जीपचा गिअरबॉक्स त्याने चार दिवसांत बसवला. माझा पाच गिअरवाला पोत्यात बांधून परत आणून दिला, मीराने तो जिन्याखाली ठेवायला लावला. मीरा गाडीत बसली आणि आमच्या एव्हरशाईन वसाहतीच्या तीन चकरा मारून आली, हसत. माझ्याबरोबर ती कधी बसली नव्हती. आता म्हणते, किती सावकाश, किती छान.

आत्माराम जरा संकोचून बोलला. वरातीसाठी लोकं विचारताहेत, फेब्रुवारीत सात ऑर्डरी आहेत. त्याला टेम्पो सोडून जमत नाही. गाडीची माया असलेला माणूस हवा. पांढरा ड्रेस तो शिवून देणार, टोपी बरोबर घेऊनच आला होता. दुसऱ्या गिअरला हात लावायचा नाही, एवढीच अट.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

मग टोपी घालून पाहिली. कपाळावर जरा सैल होते.