इंग्रजीतली काळजी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

गाठ आहेच. डाव्या बाजूला, काखेजवळ, वाटाण्याएवढी. तीन दिवस आंघोळीच्या वेळी चाचपून बघतेय – आज नसेल म्हणून. असते!

धर्मेंद्रला सांगितलेलं नाही. तो मालगाडी चालवतो, आणि ड्युटीवर निघणाऱ्या नवऱ्याच्या डोक्यात घरची काळजी घालायची नाही, हे सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं. सासरेही ड्रायव्हर होते. चरोद्याच्या या रेल्वे कॉलनीत सगळ्याच बायका असं करतात. पण हा माणूस एक तर ड्युटीवर निघालेला असतो, नाही तर परत येऊन झोपलेला. मग सांगायचं कधी?

बुधवार, ८ जानेवारी

भिलाईला हुडको वसाहतीत क्लासला गेले. घरी बसून चाचपत राहण्यापेक्षा बरं. नर्सरीत शिकवायची नोकरी मिळेल म्हणून इंग्रजी शिकतेय – एकेचाळिसाव्या वर्षी!

सोनल मॅडमनी काळजीचे वाक्प्रचार घेतले. आजच घ्यायचे होते! भीतीनं आपल्या पोटात गोळा येतो, इंग्रजांच्या पोटात फुलपाखरं उडतात. हौशी लोक! आपला जीव टांगणीला लागतो, ते टाचण्या-सुयांवर बसतात. मग फळ्यावर आलं ‘वरीड सिक’ – आजारी पडावं इतकी काळजी. ते वहीत उतरवलं आणि पुढचं काही कानात शिरलंच नाही.

गृहपाठ – स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य करायचं आणि रोज घरी कुणाला तरी मोठ्यानं म्हणून दाखवायचं.

गुरुवार, ९ जानेवारी

केलं वाक्य. ‘आय अ‍ॅम वरीड सिक अबाउट द लंप इन माय ब्रेस्ट.’

सासूबाईंनाच म्हणून दाखवलं. त्या मटार सोलत होत्या. शिक्षण चौथी, तेही मूर्तिजापूरला मराठी शाळेत – त्यांना काय कळणार! छान बोलते म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर पडलं. मला रडू येऊ लागलं, म्हणून कांदे चिरायला घेतले.

शुक्रवार, १० जानेवारी

आज दोनदा म्हटलं. तेवढ्यापुरतं हलकं वाटतं.

सोमवार, १३ जानेवारी

मैत्रिणीकडे जाते असं सांगून लोकलनं दुर्गला गेले. दवाखान्यात पर्ची काढली. नंबर सतरा. पंधरावी बाई आत गेली आणि माझे हातपाय गार पडले. सोळावी गेली तशी मी उठले, ती थेट स्टेशनवर!

बुधवारी सुरुवातीलाच मॅडमनी ‘कोल्ड फीट’ शिकवलं तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्यासारखंच. तसं नाही. ठरवून गेलेल्या माणसानं ऐन वेळी माघार घेणं, ते कोल्ड फीट. आता जन्मात विसरणार नाही. भित्री कुठली! कौस्तुभची बारावीची परीक्षा दीड महिन्यावर आली. मला काही झालं तर त्या पोराचं काय? फार भीती वाटते. फार.

बुधवार, १५ जानेवारी

क्लासात सगळ्यांसमोर वाक्य म्हटलं. मॅडम म्हणाल्या, उदाहरण जरा आनंदी घ्यायचं, पण वाक्य अगदी अचूक. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी सासूबाईंना म्हणून दाखवलं. त्यांनी हातातली मटारची शेंग खाली ठेवली.

“मले इंग्रजी नाही समजत. पण थे बोलताना तुहा हात कुठी जाते, थे रोज पाहून राहिली मी.”

मी सगळं सांगितलं. मराठीत दोन वाक्यं लागली. त्या बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. उद्या त्या सोबत येणार आहेत.

गुरुवार, १६ जानेवारी

पर्चीच्या खिडकीशी सासूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, “दोन काढ. मलेही हाय. दोन वर्षं झाले.”