फरशीवरची बॅटरी

औरंगाबाद,
पौष, शके १८६५

प्रिय श्रीनिवास,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर पाहून छातीत धस्स होऊ देऊ नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. तुझी बहीण उमा पिशोरहून बाळंतपणाला आली आहे आणि तिला सारखी चिंच लागते. मोटार अजून गोठ्यात विटांवर उभी आहे. लढाई संपेतो पेट्रोल चिठ्ठीवर, तेव्हा तुझे नाना कोर्टात टांग्यानं जातात आणि घरी आले की त्या बिचाऱ्या घोड्याला नावं ठेवत बसतात.

तू दसऱ्याला हैदराबादला निघून गेलास, त्याच संध्याकाळी नानांनी मोटारीची बॅटरी काढवून घरात आणली. फरशी वीज पिते, बॅटरी लाकडावरच ठेवावी, हे त्यांचं मत तुला ठाऊकच आहे. त्यावरूनच तर तुमची जुंपली. तू म्हणालास, फरशी काही पीत नाही, पडून राहिलेली बॅटरी आपली आपणच उतरते, महिन्या-महिन्याला चार्ज करायला हवी. ते म्हणाले, वकिली सोडून कारखान्यात हात काळे करायला निघालेल्यानं मला शिकवू नये. बॅटरी राहिली बाजूला आणि तू ट्रंक घेऊन स्टेशनवर. मग घरात रिकामं लाकूड कुठलं, तर तुझा मुंजीतला पाट, पितळी फुल्यांचा. जेवणाच्या खोलीत, तुझ्याच जागी, नानांनी त्यावर बॅटरी बसवली. ती जागा रिकामी पाहून त्यांना घास उतरत नव्हता रे.

पुढे थंडी पडली. गारठ्यानं बॅटरी मरते, असं कोर्टात कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. गारठ्यात उलट ती जास्त टिकते असं तू सांगायचास, पण सांगणार कोण? त्यांनी तुझी गोधडी काढून तिला पांघरली. गोधडीतलं ते गाठोडं पाहून शेजारच्या वच्छलाबाई दारातूनच रागावल्या, "अगं यमुना, पोरगी बाळंत झाली नि मला निरोप नाय?" उमा हसून हसून बेजार झाली. नाना रोज तारा लावून छोटा दिवा पेटवून बघायचे आणि येईल त्याला ऐकवायचे, "लाकडावर आहे, म्हणून जिवंत आहे."

आता तुला सांगते. ते कोर्टात गेले की मी दर महिन्याला आपल्या सांडू गड्याकडून बॅटरी चार्ज करायला शहागंजला चांदपाशा मिस्त्रीच्या दुकानी पाठवायचे. तू सांगितलं होतंस ना, म्हणून. चांदपाशा म्हणे, "माई, फरशीला काय तोंड हाय व्हय प्यायला? पण वकीलसाहेबांना सांगू नका, लई चिडतील." मी कशाला सांगते! नवऱ्याचा मान राहिला आणि लेकाचा शब्दही.

काल मात्र कोर्ट लवकर सुटलं. नाना घरात आले तेव्हा बॅटरी चांदपाशाकडे होती आणि पाट उघडा. पाटावर काळा चट्टा पडलेला, आतलं तेजाब झिरपून लाकूड जळालं होतं. मी सगळं सांगून टाकलं आणि आता आभाळ कोसळणार म्हणून पदर सावरून उभी राहिले. ते पाटाशी खाली बसले. बोटानं चट्टा घासत राहिले. मग एवढंच म्हणाले, "पोराचा पाट जाळला मी." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. त्यांनी स्वतः चिंच लावून फुल्या घासल्या. उमा पाहतच राहिली.

सांडू बॅटरी घेऊन आला, तेव्हा त्यांनी ती उघड्या फरशीवर ठेवायला लावली. तुझा पाट स्वतःच्या पाटाशेजारी मांडला. आणि पानावर बसता बसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही त्याला. बॅटरी फरशीवर ठेवली आहे म्हणावं. उतरली तर जाब द्यायला त्यालाच यावं लागेल." बाळा, याहून जास्त त्यांना बोलता येत नाही, हे तुला मी सांगायला नको. कारखाना सोड असं कुणी म्हणत नाही. दोन दिवसांची रजा काढून ये. चांदपाशाला मी निरोप धाडला आहे, आता बॅटरी न्यायची नाही. लाकडावर काय, फरशीवर काय, नुसती पडून राहिली तर ती उतरणारच. तितकी वाट पाहायला लावू नकोस.

तुझीच,
आई