पावणी

गुऱ्हाळ, राधानगरी रोड
१२ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाळासो दादास,
धाकट्या बायडाबाईचा सा. नमस्कार.

मोबाईलच्या जमान्यात बायडा कागद लिवतीया म्हणून हसशील. आरं, आम्हा नवराबायकोचं मोबाईल आन आधार कार्डं तुझ्या मेव्हण्याच्या कपाटात हायत. फाटकाला कायम कुलूप. विश्वजित आपलं पावणं हाय, घरचंच काम हाय, असं तूच म्हणालतास की! आता पगार मागितला की तो म्हणतो, पावण्याला कसला पगार? वर उसाच्या दांडक्यानं पाठीत घालतो.

ह्यांच्या पायावर उकळता रस सांडलाय. आठवडा झाला, पाय सुजून वास मारतोय, पर दवाखान्यात न्हेऊ देत न्हाय. दादा, पाय जाईल रं. तू ये आन आम्हाला घिऊन जा. पत्र काकवी न्यायला येणाऱ्या शालूबाईजवळ देतीया, उत्तर तिच्याच हाती धाड.

माया पातळ करू नको.
बायडा

कळंबा
१७ डिसेंबर

चि. सौ. बायडास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पावलं. ल्हानपणी काटा टोचला तरी तू गाव गोळा करायचीस, अजून तशीच हायस! तुझी वैनी म्हणती, भाऊ तापट हाय, पर मनानं वाईट न्हाय. पायाला हळद लाव. सीझन संपस्तोवर कळ काढ. सोयरिकीत बोभाटा नको.

शालूबाईची वाट कशाला बघू? विश्वजितराव आजच घरी आलेत, त्यांच्याच हाती हे पत्र देतोय. तुझं पत्रबी त्यांना दावलं, मनात अढी नको म्हणून.

लोभ हायच, तो वाढीव.
बाळासो

दवाखाना, कोल्हापूर
४ जानेवारी २०२५

दादास नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. त्यानं ते रस उकळायच्या चुलवाणापुढं सगळ्यांना वाचून दावलं, मग मला मारलं. डावा हात अजून वर हुत न्हाय. हळद लावली बरं का.

परवा चौकशीला कामगार खात्याचं साहेब आलते. तक्रार शालूबाईनं केली, परक्या बाईनं. विश्वजित गोड हसून म्हणाला, ही मजूर न्हाईत साहेब, पावणं हायत, माझ्या बहिणीची नणंद. साहेबानं तुला फोन लावला. तू व्हय म्हणालास, मी कानानं ऐकलं. साहेब वही मिटून उठलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पदर पसरून म्हणाले, पावणी आज निघाली, ओटी भरा, आमची कार्डं द्या, ह्यांना उचलून गाडीत घाला. न्हाय म्हणावं तर पावणं कसलं? साहेबादेखत त्याला कुलूप काढावं लागलं. मागनं झुंबरबाई, बयाबाई ह्या कामावरल्या बायकाबी बोचकी घिऊन उठल्या, आम्हीबी पावण्याच म्हणत.

ह्यांचा पाय गुडघ्याखालनं काढला. डॉक्टर म्हणालं, पंधरा दिस आधी आणला असता तर वाचला असता. पंधरा दिसामागं माझं पत्र तुझ्या हातात हुतं.

बायडा

कळंबा
२ मार्च

चि. सौ. बायडास,
अ. उ. आशीर्वाद.

झालं गेलं पोटात घाल. पुढल्या मंगळवारी गावदेवीची म्हाई हाय, मटणाचं जेवाण हाय. चार दिस पावणी म्हणून ये. विश्वजितरावबी येणार हायत, गोडीनं मिटवू. पोलीस बोलावत्यात म्हणं, जबाब देऊ नको.

बहिणीची वाट बघणारा,
बाळासो

कोल्हापूर
५ मार्च

बाळासो,

जबाब कालच दिला. तुझं नाव आलं तवा साहेबानं इचारलं, हे तुमचं कोण? पावणं, म्हणून सांगितलं.

बायडाबाई