होकायंत्र आमच्या दारावरून परत गेलं त्याबद्दल

तीर्थरूप होकायंत्र यांच्या चरणी ढब्बूचा वाकून नमस्कार.

(तू माझ्याहून जेमतेम काही महिन्यांनी मोठा, तेव्हा तीर्थरूप शोभत नाही हे कळतं. पण रुसलेल्या माणसाला दोन पायऱ्या वर बसवलेलं बरं.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. हिचे गुडघे बोलतात, माझे ऐकत नाहीत, एवढाच फरक. तुझी सर्दी कशी आहे? ती तुला कुठे झाली हे मला कळलं आहे, म्हणून घरगुती उपाय न सुचवता सरळ मुद्द्यावर येतो. (मी सरळ मुद्द्यावर येतो म्हटलं की टपाल कचेरीत सगळे खुर्च्या ओढून निवांत बसायचे, हेही विसरलेलो नाही.)

तुझ्या जावईबापूंची बदली झाली, लेकीबरोबर तूही सातासमुद्रापार चाललास. जाण्याआधी एक अख्खा रविवार माझ्याकडे काढतो म्हणालास, निघालासही, आणि माझ्या दारावरून परत गेलास. त्यानंतर तू माझा फोन घेत नाहीस. लेकीला म्हणालास म्हणे, की त्यालाच मी यायला नको होतो. हे तिच्याकडून ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. तू असाच मनात धरून विमानात बसलास तर पुन्हा कधी भेट होणार आहे आपली, या वयात?

आता खरा गुन्हेगार ऐक. आमच्या वसाहतीतलं इंटरनेट म्हणजे नुसता आनंद होता. समोरच्याचं तोंड जांभईत अडकलं की अर्धा तास तसंच. तू गेल्यावर तुझं तोंड निदान पडद्यावर तरी धड दिसावं म्हणून कमिटीत मी एकट्याने भांडून पाण्याच्या टाकीवर वायरलेस ब्रॉडबँडचा टॉवर बसवून घेतला. फीतही मीच कापली. इंटरनेट असं धावायला लागलं की मेहुण्याच्या नाकावरचा तीळ मला प्रथमच दिसला. (नसता दिसला तरी चाललं असतं.) पण त्याच दिवसापासून सगळ्यांच्या फोनमधला नकाशा चळला. टॉवरच्या मेकॅनिकने समजावलं ते असं: नकाशाला वाट सांगणारा उपग्रह इतका लांब, की त्याचा आवाज आपल्यापर्यंत येईतो नुसती कुजबुज उरते. आणि आमचा टॉवर त्याच्या अगदी शेजारच्या पट्टीत भसाड्या आवाजात ओरडतो. बिचाऱ्या फोनला कुजबुज ऐकू येत नाही, मग तो अंदाजपंचे काहीतरी ठोकून देतो. (आकाशात एवढी जागा असताना यांना एकमेकांना खेटूनच बसायचं होतं.) कंपनी काहीतरी गाळणी बसवणार आहे. कधी, ते कंपनीलाही माहीत नसावं.

तोवर जो येतो त्याचा बाण मागच्या शीतगृहाच्या फाटकाशी जाऊन थांबतो. वरच्या गाणाऱ्या बाईंची गादी तिथे गेली, नळवाला तिथे गेला, कमिटीने व्याख्यानाला बोलावलेले दातांचे डॉक्टर तिथे बसून राहिले. शेवटी तिथल्या रखवालदाराने चुकलेल्यांसाठी एक बाकच टाकलं.

हे सगळं मला ठाऊक होतं, या घरी तू प्रथमच येणार होतास, मग तुला का सांगितलं नाही? अरे, तुला वाट सांगायची? टपालाच्या बटवड्याला गेल्यावर ज्याने पत्ता विचारला त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, हा आपला नेम. सगळी नोकरी संपली तरी तुझ्या पैशाचा चहा कुणाच्या घशाखाली गेला नाही, म्हणून तर तू होकायंत्र. पत्त्यात नुसतं "वडाखालच्या काकू" लिहिलेलं पाकीट तू काकूंच्या हातात दिलं आहेस. अशा माणसासाठी कोपऱ्यावर जाऊन उभं राहणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याचा अपमान, असं मी समजलो. जावईबापू फोन बघून गाडी चालवतील आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून तू मागे गप्प बसशील, हे माझ्या डोक्यात कसं यावं?

त्यात तुझ्या स्वागतासाठी फाटक रंगवायला घेतलं होतं, म्हणून नंबराची पाटी उतरवलेली. मी गॅलरीत. एक निळी गाडी गेली, परत आली, पुन्हा गेली. मी हिला म्हटलं, बघ, आणखी एक बावळट शीतगृहाच्या वाटेला लागला. ही म्हणाली, "मागे बसलेले भाऊजींसारखे दिसतात." मी हसलो. होकायंत्र एका गल्लीत दोनदा फिरेल? तुझ्यावर इतका विश्वास की डोळ्यांसमोरून गेलास तरी तुला ओळखलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. अजून गॅलरीत बसवत नाही.

पुढचं रखवालदाराने सांगितलं. त्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाकडे जायचंय? जावईबापूंनी फोन काढला, तो तू त्यांच्या हातातून घेतलास आणि म्हणालास, "कुणाकडे नाही. आम्ही शीतगृह बघायलाच आलोय." मग त्या भल्या माणसाने तुम्हा दोघांना खरंच सगळं शीतगृह दाखवलं. पातळ सदऱ्यावर तू थंडीत कुडकुडत बटाट्यांच्या थप्प्या बघितल्यास, चार प्रश्नही विचारलेस म्हणे. बटाट्यांबद्दल विचारलंस, मित्रा, माझ्याबद्दल नाही. इकडे आम्ही तिन्हीसांजेपर्यंत ताटं मांडून बसलो होतो. माझाही ताठा काही कमी नाही. त्या दिवशी मीही फोन केला नाही. वाटलं, यायचं नसेल त्याला; आणि माझा फोन नाही म्हणून तुला वाटलं, मलाच तू नको होतास.

जावईबापूंना आशीर्वाद, लेकीला सांग की बॅगेत गरम कपडे वर ठेव. राग सोड.

तुझाच,
ढब्बू

ता. क. हे पत्र टपालात टाकत नाही. वेळेत पोचेल न पोचेल. (आपण दोघा टपालवाल्यांनी तरी या सबबीवर विश्वास ठेवू नये.) स्वतः आणून देतो.

ता. क. दुसरा, पेन्सिलीने. अक्षर वाईट आहे कारण टायरच्या दुकानाबाहेर मांडीवर धरून लिहितोय. तुझ्या लेकीच्या इथल्या सगळ्या इमारती एका साच्यातून काढलेल्या दिसतात. सकाळपासून फिरतोय. टायरवाल्याला वाटतं मी टायर घ्यायला आलोय. मीही तसं वाटू दिलंय. एकाची किंमतही विचारून झाली.

ता. क. तिसरा. आताच इथे टपाल वाटणारी एक मुलगी आली. तिला तुझा पत्ता विचारला. हो, मी. ती म्हणाली, "समोरचीच इमारत, आजोबा." हे तिच्याच हाती वर पाठवतोय. मी खाली उभा आहे. अजून राग असेल तर पाकिटावर "घेण्यास नकार" लिहून तिच्याकडे परत दे, मी मुकाट्याने घरी जाईन. नसेल तर खिडकीत ये आणि किती मजले चढायचे ते हातानेच सांग. तेवढं तिला विचारायचं राहिलं.